दलदलीतली मीठ-आई

परीक्षांचे दिवस आले की आमच्या सोसायटीतले आवाज बदलतात. खालचं क्रिकेट बंद होतं. वॉचमन लिफ्टचं दार हळू लावायला सांगतो. गच्चीवर कुणी पापड वाळत घालायला गेलं तरी दबकत जातं. हवेत तो ठरावीक सुका उकाडा असतो, खाडीकडून येणारा, थोडा खारट, थोडा कुजका. माझी शेवटची परीक्षा होऊन निम्मं आयुष्य उलटलंय. तरी एप्रिलच्या दुपारी अंगाला अजून वाटतं, आपला कुठला तरी पेपर राहिलाय.

यंदा त्याच दिवसांत एक गेम परत आला.

माझा नवरा निशांत मोबाइलवर काहीतरी वाचत होता. म्हणाला, "तुझी ती दलदल परत आली बघ. नवीन ग्राफिक्ससकट."

दलदल हे नाव त्याच्या तोंडात माझ्यामुळे बसलंय. गेमचं खरं नाव लांबलचक इंग्रजी होतं आणि त्यातल्या एका शब्दाचा उच्चार आम्हाला शेवटपर्यंत जमला नाही. आम्हाला म्हणजे मला आणि हेमाला. हेमा माझी ज्युनियर कॉलेजातली मैत्रीण. आम्ही गिरगावातून भाईंदर पश्चिमेला राहायला आलेले, म्हणजे इथे नवे. हेमाचे लोक इथलेच आगरी, खाडीकडच्या जुन्या गावातले. आधी भात, मग मिठागर, मग दोन्ही थोडं थोडं. तिचा मोठा भाऊ किरणदादा कॉम्प्युटर जोडून द्यायचं काम करायचा. गावातला बहुधा पहिला कॉम्प्युटर त्यांच्या पुढच्या खोलीत होता आणि त्यावर प्लॅस्टिकचं आवरण घातलेलं असायचं, फ्रीजवर घालतात तसं.

बारावी संपली होती. पुढे सीईटी होती, इंजिनियरिंगची. मी रोज दुपारी 'अभ्यासाला' हेमाकडे जायचे. घरातली मोठी माणसं मिठागरावर गेलेली असायची किंवा झोपलेली. खिडकीला जुनी साडी लावलेली. तिच्यातून येणारा उजेड हिरवट असायचा, त्यामुळे ती खोलीच पाण्याखाली असल्यासारखी वाटायची. सुकटाचा वास, पंख्याची घरघर, तापलेल्या मॉनिटरजवळ हात नेला की अंगावरची लव उभी राहायची. माउस एकच. एकीने चालायचं, दुसरीने वाचायचं.

गेममध्ये आपण एक परदेशी शिपाई असतो. नाव नसलेला. चिलखत घातलेला. तो होडीतून एका दलदलीच्या मुलखात उतरतो. काठावर दगडी किल्ला आहे आणि किल्ल्यात आपल्यासारखेच दुसरे चिलखतवाले. आत चिखलात, खांबांवर बांधलेल्या घरांत राहणारे लोक. ते तोंडाला पांढरं फासतात, खाऱ्या पाण्याचं मीठ करतात आणि त्यांच्यात एक बाई असते, जिच्या अंगात त्यांची देवी येते. गेममध्ये तिला सॉल्ट मदर म्हणायचे. हेमाने पहिल्याच दिवशी तिचं बारसं केलं.

"सॉल्ट मदर म्हणजे मीठ-आई. मीठ-आई, मीठ-आई, भरभर म्हण. मिठाई!"

आम्ही इतक्या हसलो की आतून तिच्या आईने, म्हणजे मावशीने, विचारलं, "अभ्यास चाललाय का खिदळनं?"

किल्ल्याचा कप्तान आपल्याला कामगिरी देतो. ही बाई खरी की खोटी, ते शोधून काढ. खरी निघाली तर किल्ला त्यांच्याशी तह करणार. खोटी निघाली तर दलदल आटवून तिथे शेतं आणि घरं करणार. गेमभर आपण त्या लोकांच्या घरांत शिरतो, त्यांची मडकी उघडून बघतो, पेट्यांतल्या वस्तू उचलतो, आणि ते काहीच म्हणत नाहीत. उलट "वाटसरू, तुझं भलं होवो," म्हणतात.

"हे आमचेच लोक आहेत," हेमा म्हणायची. तिला त्याचा राग नव्हता, मजाच वाटायची. "बघ ना, तो म्हातारा आमच्या गावच्या दामूकाकासारखा बसलाय. तसाच गुडघ्यावर हात. आणि तो किल्ला घोडबंदरचा."

आम्ही एकदा सायकली काढून घोडबंदरला गेलोही होतो, किल्ला ताडून बघायला. खरंच, बुरुजाचा उतार तसाच वाटला. आता विचार केला तर वाटतं, कुठलाही जुना बुरूज कुठल्याही जुन्या बुरुजासारखाच दिसत असणार. पण तेव्हा आम्ही उन्हात उभ्या राहून खाडीकडे बघत होतो आणि हेमा म्हणाली, "आपण कुठून बघतोय, कळतंय का तुला? शिपायाच्या जागेवरून." मी म्हटलं, "मग?" ती म्हणाली, "मग काही नाही. मी म्हणजे इकडून पण आणि तिकडून पण, गोंधळ होतो."

तो गोंधळ मला तेव्हा कळला नव्हता. आम्ही गिरगावातून आणलेल्या ट्रंका ज्या इमारतीत उघडल्या, ती कुणाच्या भातशेतावर उभी होती, हा प्रश्न आमच्या घरात कुणाला पडत नसे. मलाही नाही. मी मीठ-आईला शोधत चिखलातून धावत होते.

तर, यंदा मी तो गेम घेतला. ऑफिसचं काम घरूनच होतं. दुपारी जेवणाची सुट्टी थोडी ताणून मी खेळायला बसले. नव्या आवृत्तीत पाणी खरं वाटतं, त्यात ढग हलतात. मला मात्र ते जुनं, चौकोनी ठोकळ्यांचं पाणी हवं होतं. आणि मला एक प्रसंग हवा होता.

तो माझ्या डोक्यात गेली कित्येक वर्षं स्वच्छ होता. गेमच्या मध्यावर कधीतरी मीठ-आई गर्दीतून आपल्याकडे येते. आपला हात धरते. तळहातावर मूठभर मीठ ठेवते, बोटं मिटवते आणि म्हणते, "तू जा. माना जावाचा न्हाय." तिचे डोळे वर गेलेले असतात. मग ती खाली कोसळते.

मला तो प्रसंग मिळेना. मी सगळी घरं फिरले. दोन्ही बाजूंनी खेळून पाहिलं, किल्ल्याच्या आणि दलदलीच्या. मीठ-आई भेटत होती, डोलत होती, कोड्यात बोलत होती. पण मीठ देत नव्हती. मला वाटलं, नव्या आवृत्तीत काढून टाकला असेल. म्हणून जुनी आवृत्तीही मिळवली. तीतही नाही. मग या गेमचं वेड असलेल्या लोकांची एक इंटरनेटवरची जागा आहे, तिथे विचारलं. उत्तर लगेच आलं: असा प्रसंग कुठल्याच आवृत्तीत नाही. त्याखाली लोक आपापसात भांडायला लागले. एक म्हणाला, ही दलदलीतली माणसं आयर्लंडवरून घेतलीत. दुसरा म्हणाला, छे, पश्चिम आफ्रिका. तिसऱ्याने केरळमधल्या कुठल्याशा उत्सवाचे फोटो टाकले. मी 'भाईंदर पश्चिम' असं लिहिलं आणि खोडलं.

संध्याकाळी निशांतला सांगितलं तर तो चहा गाळता गाळता म्हणाला, "काय म्हणते ती बाई? परत सांग."

"तू जा. माना जावाचा न्हाय."

"मीनल, इंग्रजी गेम आहे ना तो?"

"हो."

"मग त्यातली बाई आगरी कशी बोलेल?"

इतकी वर्षं हे वाक्य मी त्या बाईच्या तोंडून ऐकत आले होते आणि त्याची भाषा एकदाही मला खटकली नव्हती.

अशा वेळी माणसाला पायाखालची फरशी हलल्यासारखं होतं. मी माझी आठवण उलटसुलट करून बघायला लागले. मीठ होतं, नक्की होतं, तळहाताला बारीक कापलं होतं, तिथे झोंबलं होतं. गेममधलं मीठ झोंबेल कसं? गर्दी होती. ढोल होते. गेममध्येही ढोल होते. उजेड पिवळा होता, संध्याकाळचा. हळदीचा वास. गेममध्ये वास कुठून आला? जितकं आठवावं तितकं ते पडद्यातून बाहेर सरकत होतं आणि मला ते जिथे पोचत होतं तिथे जायचं नव्हतं. त्या वर्षीची चैत्रातली जत्रा मला आठवत होती. हेमाच्या गावदेवीची. तिथे हेमाला चक्कर आली होती. उन्हाने. माझी आई मला लगेच घरी घेऊन गेली होती. आणि मग हेमाने सीईटी दिलीच नाही. तिला बरं नाही, असं त्यांच्या घरून सांगण्यात आलं. मी परीक्षा दिली, पुण्याला गेले, इंजिनियर झाले, लग्न करून परत याच बाजूला राहायला आले. हेमाने पुढच्या वर्षी बी.एस्सी.ला नाव घातलं. आता ती शाळेत गणित शिकवते. आमचं बोलणं असतं, दिवाळीला भेट असते. पण त्या वर्षाबद्दल आम्ही कधी बोललो नव्हतो. का नाही बोललो, तेही मला माहीत नव्हतं. काही ठरलेलं नव्हतं. बस, नाही बोललो.

मी तिला फोन केला. "दलदल परत आलीय," म्हटलं.

"अगं बाई!" ती ओरडली. "घेऊन ये लॅपटॉप. रविवारी ये. जत्रा पण आहे संध्याकाळी. जेवायलाच ये."

त्यांचं जुनं घर आता नाही. त्याच जागेवर चार मजली इमारत आहे आणि पहिल्या मजल्यावर हेमा आणि मावशी राहतात. हेमाने लग्न केलं नाही. मावशी आता वाकलीय, पण आवाज तोच. जेवणं झाल्यावर आम्ही लॅपटॉप टीव्हीला जोडला. मावशी सोफ्यावर पाय वर घेऊन बसली. त्या उन्हाळ्यात ती आत झोपलेली असायची किंवा मिठागरावर. गेम तिने कधी पाहिलाच नव्हता.

शिपाई होडीतून उतरला. मी त्याला नेहमीसारखा पहिल्या घरात नेला.

"यो कोन हाय गो?" मावशी म्हणाली.

"हीरो आहे, आई."

"लोकांची मडकी कला उघरतं?"

"औषध मिळतं त्यात. आणि बाण."

"इचारलान का त्यांना?"

हेमा खो खो हसली. मी शिपायाला पुढे पळवला. देवीच्या झोपडीत तो शिरला तेव्हा मावशीने पाय खाली सोडले.

"चपला घालून देवीचे घरान शिरला! काय बाय मानूस हाय!"

"बूट काढायचं बटणच नाही, मावशी," मी म्हटलं. आणि हे खरं होतं. त्या गेममध्ये तलवार उपसता येते, पोहता येतं, घोड्यावर बसता येतं, झोपता येतं. पण कुणाच्या दारात पायताण काढता येत नाही. ज्याने हा गेम बनवला त्याला असं काही असतं हे माहीत नसावं, किंवा माहीत असूनही ते शिपायासाठी नसावं.

झोपडीत मीठ-आई होती. तिच्या अंगात यायला लागलं. ती आधी गुडघ्यांवर डोलली. मग तिचे दोन्ही हात वर गेले आणि डोक्याच्या वर मनगटं एकमेकांवर आली, फुली मारल्यासारखी. बोटं पसरलेली.

"थांबव," हेमा म्हणाली.

मी थांबवलं. पडद्यावर ती बाई हात वर करून तशीच राहिली.

"आई, तू जरा आत पड ना. संध्याकाळी उभं राहायचंय तुला जत्रेत."

मावशी पुटपुटत आत गेली. हेमाची नजर पडद्यावरच होती. मग मीच बोलले. मीठ, तळहात, वाक्य, सगळं सांगितलं. हा प्रसंग गेममध्ये नाहीये हेही सांगितलं.

"गेममध्ये कसा असेल?" ती म्हणाली. "मी होते ती."

मला हे ऐकू येणार आहे हे आदल्या आठवड्यापासून माहीत होतं. तरी ऐकल्यावर काहीच कळल्यासारखं वाटेना.

"तुला चक्कर आली होती ना?"

"तुझ्या आईने सांगितलं तुला तसं. अंगात आलं होतं माझ्या. आत्या गेली होती ना त्या हिवाळ्यात. तिच्या अंगात यायची देवी. मग यंदा कुणाच्या येणार, सगळं गाव बघत होतं. मी तर हसत होते. तुला म्हणत होते, मिठाईची जागा रिकामी झालीय म्हणून. आणि मग ढोल वाजायला लागले... पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. तुझा हात आठवतो. घामेजलेला."

"खरंच आलं होतं?"

ती चिडेल असं मला वाटलं. ती चिडली नाही.

"तेच तर मला माहीत नाही, मीनल. अख्खा महिना आपण हे बघत होतो." तिने पडद्याकडे बोट केलं. "आत्याचे हात कधी वर जायचे नाहीत. ती हात खाली ठेवायची, जमिनीकडे, काहीतरी दाबून धरल्यासारखे. माझे हात असे गेले. असे. हिच्यासारखे. मी केलं का ते? की देवी आली आणि तिला माझ्या अंगात जे सापडलं ते तिने वापरलं? कितीदा विचार केला. कधी एक पटतं, कधी दुसरं. शाळेत फळ्यावर गणित सोडवताना मधेच पटतं की नाटक होतं सगळं. जत्रेत गेले की पटतं की नव्हतं."

"आणि ते वाक्य? मला जायचं नाही?"

"बोलले असेन. पण त्याचा अर्थ काय, सांग ना मला! तू इंजिनियर आहेस." ती हसली, पण डोळे हसत नव्हते. "जायचं नाही म्हणजे माझी इच्छा नाही, की जायला परवानगी नाही? देवी आली की नेम असतो आमच्याकडे. काही दिवस शिवेबाहेर पाऊल टाकायचं नाही. सेंटर होतं ठाण्याला. पेपर त्याच दिवसांत. मग कसली परीक्षा? बाबा रडले होते त्या दिवशी. मी नाही रडले. मला बरं वाटलं होतं की वाईट, ते सुद्धा मला नीट आठवत नाही. घाबरले होते मी सीईटीला. तू नव्हतीस घाबरली, तुझं सगळं व्हायचं बरोबर. मी घाबरले होते. हे पण खरं आहे ना?"

मी मीठ-आईकडे बघत होते. ती हात वर करून वाट बघत होती, आम्ही चालू करू म्हणून.

"आणि मजा सांगू?" हेमा म्हणाली. "पुढे काही वर्षं येत राहिली माझ्या अंगात. मग आपोआप थांबली. पण आता गावातल्या कुठल्याही पोरीच्या अंगात आलं ना, हात असेच जातात. वर, आणि फुली. विचार कुणालाही. सांगतील, आमच्यात पहिल्यापासून असंच आहे. दामूकाका तर म्हणतात, त्यांच्या आजीच्या वेळेपासून."

मी मनात क्रम लावायचा प्रयत्न केला. कुठल्या तरी दूरच्या देशात कुणी तरी बसून, कुठल्या तरी तिसऱ्याच देशातल्या बाईचे हात पाहून हे चित्र काढलं असेल. ते किरणदादाच्या कॉम्प्युटरवर आलं. तिथून हेमाच्या हातांत. तिथून गावाच्या हातांत. आता उद्या कुणी अभ्यासक इथे आला आणि त्याने हे हात टिपले, तर तो काय लिहील? आणि तो जे लिहील ते चूक ठरेल का? दामूकाका खोटं बोलत नाहीत. त्यांना तसंच आठवतं. मला नव्हता का तो प्रसंग गेममध्ये आठवत?

"चालू कर," हेमा म्हणाली. "संपवू ते."

मला आता वाटा पाठ होत्या, मधलं गाळत आम्ही पुढे खेळलो. मीठ-आई बोलली, शिपाई किल्ल्यात परतला, कप्तानाने विचारलं: ती खरी की खोटी? खाली दोन उत्तरं आली. त्या उन्हाळ्यात आम्ही इथवर पोचलोच नव्हतो. मी माउस हेमाकडे सरकवला. मला वाटलं ती विचार करेल. तिने क्षणभरही न घालवता 'खोटी' दाबलं.

पडद्यावर ढोल वाजले, किल्ल्याचे लोक निघाले, चिखलात बांध पडायला लागले. हेमा तोवर उठली होती. कपाटातून तिने हिरवं नऊवारी लुगडं काढलं, ओटीचं तबक काढलं, नारळ हलवून पाणी आहे का ऐकलं.

"हेमा, तू खोटी म्हणालीस."

"गेम आहे तो."

"पण..."

"अगं, देवळात उशीर होतो मग. निऱ्या धर माझ्या."

मी खाली बसून तिच्या निऱ्या धरल्या. मला एवढंच जमत होतं.

जत्रेत सगळं होतं, पाळणे, गोळावाला, डीजेचा आवाज आणि त्यातून वाट काढणारे खरे ढोल. आगरी, हिंदी, गुजराती, सगळ्या भाषांत लोक फोनवर एकमेकांना शोधत होते. देवळासमोर गोल मोकळा ठेवलेला. ऊन उतरत होतं. ढोल जवळ आले तसा बायकांच्या रांगेत एक हेलकावा झाला आणि एक मुलगी पुढे आली. तन्वी. हेमाच्या शेजारची, तिच्याकडे गणिताला येणारी, बारावी झालेली. तिचे गुडघे डोलले. तिचे हात वर गेले आणि मनगटं एकमेकांवर आली.

तिची आई ओरडली की रडली, कळलं नाही. दामूकाका पुढे झाले. ते आता खूप म्हातारे आहेत, गावातलं सगळं त्यांना विचारून होतं. त्यांनी तन्वीच्या कपाळाला हळद लावली आणि नेम सांगायला लागले. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. शिवेबाहेर जायचं नाही.

"दामूकाका, तिची सीईटी हाय गुरुवारी," तन्वीची आई म्हणाली. तिचा आवाज ढोलांत बुडाला.

हेमा माझ्या शेजारी होती. मग नव्हती. ती गोलात गेली, तन्वीला मागून कवेत धरलं, तिचे वर गेलेले हात हळूहळू खाली आणले. आणि बोलली. तो आवाज मी ओळखू शकले नाही. जाडा होता, घशाच्या खालून येत होता.

"जाव दे तिला. शिवेपलीकरं जाव दे. मी संगं जातंव."

ढोल थांबले. दामूकाकांनी हेमाकडे पाहिलं. मग ते वाकले आणि तिच्या पायांवर हळद वाहिली. मागोमाग बाकीचे वाकले. तन्वीची आई तर आडवीच झाली. मीही वाकले. का वाकले, माहीत नाही. सगळे वाकत होते.

नंतर आम्ही देवळामागच्या कट्ट्यावर बसलो. मावशी हेमाचे पाय ओल्या पदराने पुसत होती. हेमा पाणी प्यायली. तिचा आवाज परत तिचा झाला होता.

"कोण बोललं मघाशी?" मी विचारलं.

"मी बोलले का?"

"तूच बोललीस. मी संगं जातंव म्हणालीस."

"अच्छा," ती म्हणाली. तिने तोंड पुसलं. "मग जायला पाहिजे."

गुरुवारी मी रजा टाकली आणि गाडी काढली. पुढे हेमा, मागे तन्वी, सूत्रांच्या कागदांत डोकं घातलेली. घोडबंदर रोडला नेहमीसारखी ट्रकची रांग होती. तन्वीने मधेच विचारलं, "टीचर, माझ्या अंगात खरंच आलं होतं का?" हेमा म्हणाली, "पेपर झाला की बोलू. पाणी पी." मी आरशात पाहिलं. तन्वी पाणी प्यायली आणि परत कागदांत बघायला लागली.

केंद्र ठाण्यातल्या एका कॉलेजात होतं. आता पेपर कॉम्प्युटरवर असतात. गेटवर मुलांची तपासणी चालली होती. कानातली काढा, घड्याळं काढा, बूट काढा. तन्वी अनवाणी, हातात ओळखपत्र घेऊन आत गेली. एकदा वळून बघितलं, मग दिसेनाशी झाली. गेट बंद झालं.

आई-वडील झाडाखाली पांगले. कुणी वर्तमानपत्र अंथरलं, कुणी डबा उघडला. हेमा मात्र गेटच्या जाळीला धरून उभी होती. आतल्या इमारतीच्या खिडक्या मोजाव्यात तशी बघत होती.

"आपलं सेंटर हेच होतं ना गं?" तिने विचारलं.

आमचं केंद्र हे नव्हतं. ते स्टेशनजवळच्या दुसऱ्या कॉलेजात होतं, मला ती जागा पक्की आठवते. निदान आठवते असं वाटतं. हो म्हणावं की नाही म्हणावं, मला ठरवता येईना आणि तेवढ्यात तोंडातून निघून गेलं, "नाही, दुसरं होतं."

"असू दे," हेमा म्हणाली आणि त्याच इमारतीकडे बघत राहिली.